काकांचे हात कुठे आहेत?

पडद्यावर माझं तोंड होतं. केवढं तरी मोठं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. हनुवटीखाली काही नाही. मी भुवया उंचावत होते, गाल फुगवत होते, मान हलवत होते, आणि मी काय म्हणतेय ते माझं मलाच कळत नव्हतं. कारण चित्रात माझे हातच नव्हते. खाली पांढऱ्या अक्षरांत ओळ आली, ‘एकदा तरी मला आईची हाक ऐकायची आहे.’

हे मी कधी बोलले? आईशपथ सांगते, आयुष्यात बोललेले नाही.

पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायला लागल्या. माझ्या शेजारी बसलेल्या, कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्ष मॅडम माझ्या मांडीवर थोपटत होत्या. चपलेतून तळव्यांना जमिनीची बारीक थरथर लागत होती, म्हणजे रडवणारं संगीतही असणार. पनवेलचा हॉल गच्च भरलेला. निमंत्रण पत्रिकेवर छापलं होतं, ‘मूकबधिरांच्या मूक वेदनेची कहाणी’. मी बहिरी आहे. मूक कोण आहे? मी दिवसभर बोलते. माझ्या बडबडीने माझ्या नवऱ्याचे डोळे दुखतात.

एक आधी सांगून टाकते. या लिखाणात ऐकणाऱ्यांची जी वाक्यं येतील ती शब्दाला शब्द खरी आहेत. तुमचं बोलणं माझ्याकडे कागदावर नाहीतर फोनवर लिहून येतं, आणि मी कागद टाकत नाही.

मी सुकापूरची. आमची भातशेती होती, आता तिथे बिल्डिंगी आहेत. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ऑफिसात मी गेटपास बनवते. जन्मापासून बहिरी. आईच्या ओठांवरचा सगळ्यांत आधी ओळखलेला शब्द ‘नाय’. बाहेर जायचं नाय, हात हलवायचे नाय, लोक बघतात. सातव्या वर्षी मला बहिऱ्यांच्या शाळेत घातलं. वाटलं, तिथे तरी हात मोकळे मिळतील. कपाळ माझं. तिथे बाई आम्हाला हातांवर बसवायच्या. तळहात मांडीखाली, बाकावर दाबून. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची आणि ‘प’ म्हणायचं. पट्टी हलली तर शाबास. हाताने बोललं तर बोटांच्या पेरांवर पट्टी, लाकडाची. का, तर हाताने बोललीस की तोंडाने शिकणार नाहीस.

एक वर्ष गेलं ‘नमस्कार पाहुणे’ शिकण्यात. मी आठ वर्षांची. पाहुणे आले, मला टेबलावर उभी केली. मी म्हटलं. माझ्या आवाजाचा मला काय पत्ता? मी समोरच्या चेहऱ्यांवर बघितलं. एका पाहुणीने पदर तोंडावर धरला, एकाचं पोट हसू दाबून हलत होतं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी खूण केली, पुन्हा म्हण. मी पुन्हा म्हटलं. ते पोट पुन्हा हललं. त्या दिवसानंतर मी ऐकणाऱ्यांसमोर तोंडाने एक अक्षर काढलेलं नाही.

या फिल्मच्या दिग्दर्शकाला मी हे कॅमेऱ्यासमोर हातांनी सांगितलं होतं. पट्टी, टेबल, पोट, सगळं. त्याची पडद्यावर झाली आईची हाक.

आणि तरी मी माझ्यासाठी रडत नाहीये. माझी गोष्ट माझ्याकडे आहे, मी परत सांगेन. गेली ती काकांची.

काका म्हणजे आमच्या पनवेलच्या बहिऱ्यांतले सगळ्यांत थोरले. आमच्यात माणसाला हाताचं नाव असतं. ते आईबाप देत नाहीत. बहिरी माणसं त्याला चार दिवस बघतात आणि मग देतात. काकांचं नाव म्हणजे अंगठ्यावर दोन बोटं घासायची, शाई पुसल्यासारखी. जुन्या पनवेलमध्ये एका छापखान्यात ते शिशाचे खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका, बारशाच्या पत्रिका, उलटी अक्षरं सुलट वाचायचे. मालकाने बहिरेच कामाला ठेवले होते, कारण यंत्राच्या धडधडीचा त्यांना त्रास नाही. तिथे दुपारच्या सुट्टीत ते आपसांत बोलायला लागले. मग दर रविवारी एसटी स्टँडवर, रसवंतीसमोर जमायला लागले. ते रविवार आजही चालू आहेत. मी सोळाव्या वर्षी तिथे पहिल्यांदा गेले, हात खिशात घालून, शाळेची सवय. काकांनी माझे दोन्ही हात खिशातून बाहेर काढले. महिन्याभराने मला नाव दिलं. ते इथे लिहिता येणार नाही, ते बघावं लागतं.

गेलेल्या माणसांची सगळी नावं फक्त काकांकडे होती. कोण कुठून चालत यायचा, कोणी कोणती खूण आणली, कोणाला पोलिसांनी पाकीटमार समजून उचललं आणि बोटांची शाई दाखवून काकांनी कसा सोडवला. त्यांतल्या कितीतरी जणांना लिहिता येत नव्हतं. फोटो नाहीत. ती माणसं होती याचा पुरावा म्हणजे काकांच्या हातातलं नाव. आणि काकांचे हात थरथरायला लागले होते.

म्हणून हा मुंबईचा दिग्दर्शक स्टँडवर आला तेव्हा मीच नाचले. मीच. त्याने फोनवर लिहून दाखवलं, ‘मला तुमचा इतिहास आणि संस्कृती जगासमोर आणायची आहे.’ चांगला मुलगा दिसला. मान लववून बोलायचा, काकांच्या पाया पडला. मी काकांच्या मागे लागले. काका नको म्हणत होते. मीच म्हटलं, एकदा सगळं सांगून टाका, मग ते कुठे जात नाही.

आधी माझ्या घरी माझं शूटिंग झालं. मग एका सकाळी काकांच्या खोलीवर. काका गडद निळा, बिनानक्षीचा, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. आमच्याकडे चार लोकांपुढे बोलायचं तर असाच शर्ट घालतात, म्हणजे हात त्यावर उठून दिसतात. दिग्दर्शकाने तो बदलायला लावला. खुंटीवरचा चौकड्यांचा, उसवलेला शर्ट घालायला सांगितला. मी विचारलं, का? त्याने लिहिलं, ‘रोजचं आयुष्य वाटलं पाहिजे.’ काकांचं रोजचं आयुष्य इस्त्रीचं होतं हो. पण आम्ही ऐकलं. खिडकी बंद केली, अर्ध्या तोंडावर अंधार केला. दुभाषी आणला नव्हता. ‘भाव समजतो, शब्द नंतर बघू,’ असं त्याने लिहिलं.

आणि माझ्या हातात थर्माकोलची पांढरी पाटी दिली. उजेड काकांच्या तोंडावर पाडायला. मी बाजूला उभी, पाटी धरून, दोन तास. काका कॅमेऱ्याकडे बघून सांगत होते, मला बाजूने अर्धं दिसत होतं, अर्धं पाटीआड जात होतं. नावांवर आले तेव्हा त्यांची थरथर थांबली होती. एकेक नाव करायचे, हात छातीवर टेकवायचे, पुढचं नाव. मला वाटलं, राहू दे, फिल्ममध्ये नीट बघू.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात मी एकदाही डोकावले नाही. ही माझी चूक, मी ती कोणावर ढकलत नाही. पण डोकावायचं सुचणार कसं? हाताने बोलणाऱ्या माणसाचं शूटिंग करताना हात घ्या, असं सांगावं लागतं? भाताचा फोटो काढताना ताटात भात ठेवा म्हणून सांगतं का कोणी?

गणपतीच्या आधी काका गेले. झोपेत गेले. त्यांच्या खोलीतला निळा शर्ट त्यांच्या पुतण्याने मला दिला.

तर त्या संध्याकाळी हॉलमध्ये मी काकांची वाट बघत होते. आईच्या हाकेचं दुखणं गिळून बसले होते. काका आले. चेहरा. अर्धा अंधारात. गालांवरच्या सुरकुत्या, भुवयांचे पांढरे केस, सगळं कसं स्वच्छ. हनुवटीखाली काही नाही. खालून मधूनच एखादं बोटाचं टोक वर यायचं आणि बुडायचं. डोळे मिटून त्यांनी मान किंचित झुकवली, म्हणजे हात छातीवर गेले असणार, म्हणजे एक नाव झालं. कोणाचं? खाली ओळ आली, ‘आमचं जग शांत आहे. फार शांत.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुढचे दिवे लागल्यावर मी दिग्दर्शकाला गाठलं आणि फोनवर लिहिलं, ‘काकांचे हात कुठे आहेत?’

त्याने हसून लिहिलं, ‘क्लोजअप आहे. चेहरा जास्त बोलतो.’

‘पूर्ण दोन तासांचं शूटिंग मला द्या.’

‘देतो, पण सगळं असंच आहे. हात सारखे चेहऱ्यासमोर येत होते, म्हणून कॅमेरा जवळ नेला.’

मी ते तीनदा वाचलं. काका दुसऱ्यांदा गेले, आणि या वेळी दारातून मीच पाठवलं.

एवढ्यात मॅडमनी दंडाला धरून मला स्टेजवर नेलं. सत्कार. खांद्यावर शाल, उजव्या हातात नारळ, डाव्या हातात फुलांचा गुच्छ. नीट बघा ही रीत. दोन्ही हात भरून टाकले. तुम्ही बहिऱ्या माणसाचा मान असा करता, त्याचं तोंड बंद करून. मग मॅडमनी चिठ्ठी माझ्यासमोर धरली. ‘दोन शब्द तोंडाने बोला ना. लोकांना बरं वाटेल.’ आणि माईक माझ्या ओठांना टेकवला.

ओठांना लोखंड लागलं. मी आठ वर्षांची झाले. टेबलावर. समोर पोट.

मी नारळ खाली ठेवला. गुच्छ त्याच्यावर ठेवला. शाल काढून मॅडमच्या हातात दिली. माझे रविवारचे लोक सगळ्यांत मागच्या रांगांत बसवलेले, तिथे अंधार, आणि अंधारात आम्हाला काही सांगता येत नाही. मी वरच्या दिव्यांकडे बोट केलं. कोणाला कळेना. मॅडम हसऱ्या तोंडाने माझा हात खाली ओढत होत्या. मागून शबाना उठली. ही माझी मैत्रीण, शिवणकाम करते, जन्माची बहिरी आणि जन्माची भांडखोर. ती थेट बटणांच्या पाटीपाशी गेली आणि होती नव्हती तेवढी सगळी बटणं दाबली. हॉल लख्ख झाला.

मी अंगठ्यावर दोन बोटं घासली. काकांचं नाव. मागे सगळे उभे राहिले आणि प्रत्येकाने तेच केलं. मग पाटीआडून मला जी अर्धीमुर्धी दिसली होती ती नावं मी करायला लागले. एक. दोन. पाचव्याला अडले. एका म्हाताऱ्या आजींनी मागून ते दिलं. शबानाने एक दिलं, चुकीचं होतं, आजींनी सुधारलं. अकरा झाली. त्यापुढे कोणाकडेच काही नव्हतं. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो, हात हवेत, रिकामे.

पुढे बसलेल्यांना वाटलं कार्यक्रम संपला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी आभार मानले असावेत, कारण लोक बटाटेवड्यांकडे वळले.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. फिल्म परदेशातल्या महोत्सवात जायची आहे. आता त्यांना संमतीचा कागद लागतो, माझी सही लागते, काकांच्या पुतण्याचीही. पुतण्या म्हणाला, ताई, तू सांगशील तसं. मी दिग्दर्शकाला कळवलं, माझा आणि काकांचा चेहरा फिल्ममधून काढा. त्याचं उत्तर आलं, ‘प्लीज समजून घ्या. तुमचे चेहरे काढले तर फिल्ममध्ये काहीच उरणार नाही. शेवटी हे तुमच्याच समाजासाठी आहे.’

मी सही केलेली नाही. करणार नाही. तो कागद फाडलाही नाही, बाकी कागदांत ठेवलाय.

आता दर रविवारी स्टँडवर मी माझा फोन रसवंतीच्या टेबलावर उभा करते. आधी स्वतः त्यात डोकावते. डोक्यापासून कमरेपर्यंत माणूस, अंगात काकांचा निळा शर्ट, जो बोलेल त्याने घालायचा. शबानाला तो ढगळ होतो, ती टाचण्या लावते. संगीत नाही. वरून कोणाचा आवाज लावायचा नाही. ज्याला कळायचं नाही त्याने आमची भाषा शिकावी, आम्ही तुमची शिकताना मार खाल्लाय.

काकांनी सांगितलेली बाकीची नावं गेली. ती मिळणार नाहीत, आणि मी ते कोणाला माफ करणार नाही, त्यात मीही आले. दिग्दर्शकाला मी शेवटचं एवढंच लिहिलं, ‘काही उरणार नसेल तर उरू नये. चेहरे काढा.’