मिक्सरऐवजी आणलेला कन्व्हर्टर

आमच्या डोंबिवलीच्या घरात लाकडी शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. मी पाचवीत असताना बाबांनी घेतलेला. चॅनेलचं बटण गोल होतं, फिरवलं की खट-खट वाजायचं आणि बाराव्या आकड्यावर थांबायचं. बरीच वर्षं त्यातले दोनच आकडे आमच्या कामाचे होते.

मी कोलशेतच्या एका कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले, त्याच वर्षी बिल्डिंगमध्ये केबल आली. केबलवाल्याने वायर लावली, बटण फिरवून पाहिलं आणि आईकडे बघून मान हलवली.

"काकू, तुमच्या सेटवर पाच-सहाच चॅनेल लागतील. बाकीचे वरच्या नंबरांवर आहेत, हे बटण तिथवर जात नाही. कन्व्हर्टर लावा, नाहीतर सरळ नवीन कलर घ्या."

बाबा एसटीच्या खोपट डेपोत कंडक्टर होते. म्हणाले, "दोनाचे सहा झाले. अजून किती पाहिजेत?"

विषय तिथेच मिटला असता. पण श्रावणात आमच्या महिला मंडळाने हॉलमध्ये मंगळागौरीचे खेळ ठेवले. आई त्यात सगळ्यांच्या पुढे. सत्तेचाळीस वर्षांची होती, पण पदर खोचून उभी राहिली की कॉलेजच्या मुली मागे पडायच्या. त्या दिवशी केबलवाला खांद्यावर कॅमेरा घेऊन आलेला. जाताना म्हणाला, "रविवारी चार वाजता आमच्या चॅनेलवर दाखवणार. अठरा नंबर!"

बायकांनी एकच गलका केला. आई मात्र घरी येऊन टीव्हीसमोर बसली आणि बटण बारापर्यंत फिरवून आणलं.

"आमच्याकडे ये की बघायला," समोरच्या काकू म्हणाल्या. फुगडीत आईच्या जोडीला त्याच होत्या, आणि त्यांच्याकडे कलर टीव्ही होता.

आई त्यांना हो म्हणाली. दार लावलं आणि मला म्हणाली, "माझा खेळ मी दुसऱ्याच्या घरात सोफ्याच्या टोकाला बसून बघू? उद्या हाफ डे घे. कल्याणला जायचंय."

तिने मिक्सरसाठी पैसे बाजूला ठेवलेले. मी म्हटलं, "अगं, माझ्या पगारातून घेऊ या."

"तुझे राहू देत. वाटण मीच वाटते ना? आणखी वर्षभर पाट्यावर वाटेन."

कल्याणच्या दुकानात तिने कन्व्हर्टर तीनदा चालू करून घेतला. जेमतेम रेडिओएवढा काळा डबा, समोर बटणांची रांग आणि एक लाल दिवा. दुकानदार म्हणाला, "ताई, हा लावला की जुना सेटसुद्धा सगळे चॅनेल पकडतो."

"अठरा पकडतो का तेवढं सांगा," आई म्हणाली.

बाबांनी डबा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "एका दुपारसाठी मिक्सर घालवलास?"

"हो, घालवला," आई म्हणाली आणि भात वाढला.

रविवारी बाबांची ड्युटी होती. साडेतीनला मी भिंतीतून आलेली वायर डब्यात खोचली, डब्याची टीव्हीत, आणि अठरा नंबर दाबला. पडद्यावर नुसत्या मुंग्या! इकडून तिकडून दाबलं, तरी मुंग्याच. आई नवी साडी नेसून बसलेली, जणू पडद्यावरचे लोक तिलाच बघणार होते. चारला पाच कमी असताना जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि बाबा खाकी गणवेशातच आत आले. घामाने पाठ भिजलेली.

"लागलं का?"

"नाही ना!"

"सरक." त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. टीव्हीच्या बटणाभोवतीची बारीक चकती केसभर फिरवली, परत केसभर. आवाज आला, मग साड्यांच्या दुकानाची जाहिरात, आणि मग आमचा हॉल!

"आई, तू! ती बघ, तू!" मी किंचाळले.

आई सूप नाचवत होती. मग लाटण्याची फुगडी. मग ती उकिडवी बसली आणि कोंबडा घालत, टुणटुण उड्या मारत अख्खा हॉल फिरली. बाबा टीव्हीपासून हातभर अंतरावर उभे होते, तसेच उभे राहिले.

"ही तू?"

"मग कोण?"

"लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मी कधी बघितलंच नाही हे."

"कसं बघाल? खेळ सुरू झाले की पुरुषांना बाहेर काढतात. कॅमेऱ्यासाठी केबलवाला तेवढा आत."

"साडी कुठली आहे ही?"

"तुम्ही आणलेली. मोरपंखी."

पडद्यावर ती राखाडीच होती, पण बाबांनी अशी मान डोलावली जणू रंग दिसला. फुगडी सुरू झाली तशी समोरच्या दारातून काकू ओरडल्या, "दिसतंय का गं?" आणि आई त्यांच्याहून मोठ्याने ओरडली, "स्वच्छ दिसतंय!" मग ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही. बाबांनी हातानेच आम्हाला गप्प केलं. त्यांना गाणं ऐकायचं होतं.

काकूंची विठ्ठलवाडीची नणंद त्या दिवशी त्यांच्याकडे आलेली. तिने तिकडच्या मंडळात सांगितलं आणि महिन्याभरात आईच्या चमूला आमंत्रण आलं. आई हो म्हणायच्या आधीच बाबांनी विचारलं, "पुरुष चालतील का तिथे?"

"मागे बसलेले चालतील," आई म्हणाली.

बाबांनी रजा टाकली. विठ्ठलवाडीच्या त्या हॉलमध्ये ते शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसले. आई फुगडीला उभी राहिली तेव्हा शेजारच्या अनोळखी गृहस्थांना म्हणाले, "आता बघा हं." आणि अजून एक गिरकीही झाली नव्हती, तोच टाळ्या वाजवू लागले.