काटा प्लसला जातोय, काकू

मुलांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबांनी तुम्हाला एक गोष्ट सांगितली. आजोबांची जुनी मोटरसायकल बंद पडली होती आणि अमेरिकेला निघण्याआधी आपण तिच्या वायरिंगमधला दोष शोधून ती चालू करून दिली, असं ते म्हणाले. तुम्ही टाळ्या वाजवल्या. मी गप्प बसले. तुमच्यासमोर त्यांना खोटं पाडणं बरं दिसलं नसतं. पण राग काही गेला नाही, तेव्हा झालं ते लिहूनच ठेवते. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून हे बाबांनीच मोठ्याने वाचून दाखवावं. एकही ओळ गाळू नये.

ती गाडी आजोबांनी लष्कराच्या लिलावात घेतली, तुमचे बाबा जन्मायच्या आधी. येरवड्याच्या आमच्या वस्तीतलं ते पहिलं वाहन. आजोबांचे वडील आयुष्यभर पायी कामाला गेले. गाडी दारात आली तेव्हा ते तिच्यावर बसले नाहीत, नुसते तासभर बघत उभे राहिले. गाडीबरोबर एक इंग्रजी माहितीपुस्तक मिळालं होतं. मी त्याला खाकी कव्हर घातलं, लेबल लावलं. आजोबा म्हणाले, "अगं, गाडीचीसुद्धा शाळा घेणार का तू?" मी शाळेत विज्ञान शिकवत होते, तेव्हा हे बोलणं सवयीचं होतं.

पुढे तुमचे बाबा सॉफ्टवेअरमध्ये लागले, आम्ही फ्लॅटमध्ये आलो आणि गाडी खाली पार्किंगमध्ये राहू लागली. तिला सांभाळणारा म्हातारा मिस्त्री दुकान बंद करून गावी गेला. कोपऱ्यावर नवा मिस्त्री आला. त्याच्याकडे सगळ्या नव्या, चकचकीत गाड्या. बाबांनी आमची गाडी त्याच्याकडे दिली. त्याने बॅटरी बदलली, वायरी बदलल्या आणि म्हणाला, "आधीच्याने बॅटरी उलटी जोडली होती. मी सरळ केली."

चार दिवसांत बॅटरी मेली. त्याने दुसरी लावली. आठवड्यात तीही मेली.

मिस्त्री घरी आला की तिघे पुरुष गाडीभोवती उभे राहायचे. दिव्याशेजारी एक छोटं मीटर आहे. त्यातला काटा प्लसकडे गेला की बॅटरी भरते आहे, मायनसकडे गेला की रिकामी होते आहे. एकदा मी चहा घेऊन खाली गेले तेव्हा गाडी बंद होती आणि मिस्त्री नुसता दिवा लावून बघत होता. काटा प्लसकडे गेला.

"बघा, चार्जिंग ओके आहे," मिस्त्री म्हणाला.

मी म्हटलं, "अहो, इंजिन बंद आहे. दिवा बॅटरी खातोय. मग काटा प्लसला कसा?"

"काकू, काटा प्लसला जातोय म्हणजे चांगलंच आहे ना?"

"तेच विचारतेय. भरतंय कोण? मी?"

बाबा म्हणाले, "आई, प्लीज. त्याला त्याचं काम करू दे. चहात साखर कमी आहे."

मी वर गेले आणि साखर आणली. आजही मला सर्वांत जास्त राग त्याचा येतो. वर्गात हात वर न करणाऱ्या मुलींना मी उभं करत असे आणि इथे स्वतः साखर घेऊन आले.

तिसरी बॅटरी मेल्यावर बाबा म्हणाले की आता पुरे. त्यांचा व्हिसा आला होता, निघण्याआधी सगळं आवरायचं होतं. लोणी काळभोरच्या एका हॉटेलवाल्याने गाडी बघितली. "दारात शोभंला उभी करायची हाय," तो म्हणाला. "चालत नाय तर नाय. वर कुंड्या ठेवू." रविवारी सकाळी टेम्पो घेऊन येतो असं ठरलं. रात्री जेवताना आजोबा एवढंच म्हणाले, "जाऊ दे. पोरगा चाललाय, त्याला कशाला दुखवायचं." भाकरी अर्धी टाकून ते उठले. त्यांनी ताटात कधी काही टाकलं नव्हतं.

शनिवारी सकाळी बाबा ऑफिसला गेले आणि मी खाकी कव्हरचं पुस्तक काढलं. बारावं पान. गाडीच्या लोखंडी सांगाड्याला बॅटरीचं एक टोक जोडावं लागतं. आजच्या गाड्यांमध्ये ते मायनस असतं. आमच्या गाडीत प्लस. स्पष्ट, ठळक अक्षरात छापलं होतं. म्हाताऱ्या मिस्त्रीने बरोबर जोडलेलं नव्याने 'सरळ' केलं होतं. त्यामुळे मीटर उलटं वाचत होतं. बॅटरी रिकामी होताना भरतेय म्हणून सांगत होतं आणि इंजिनवर फिरून वीज तयार करणारा डायनामो बॅटरीच्या विरुद्ध झगडत होता. पुस्तक पाच वर्षांच्या पोराच्या हाताला येईल अशा कपाटात होतं. इंजिनियरच्या हाताला आलं नाही.

मी आजोबांना म्हटलं, "अहो, पाने-पक्कड घ्या आणि खाली चला."

"तुला येईल?"

"तुमच्या तिघांपेक्षा वाईट नाही येणार."

बॅटरी चार्ज करून आणली आणि आम्ही ती पुस्तकाप्रमाणे जोडली, प्लस सांगाड्याला. डायनामो आणि बॅटरीच्या मधल्या डबीतले संपर्क काळे पडले होते, ते बारीक पॉलिश पेपरने घासले. मग डायनामोच्या एका टोकाला बॅटरीची वायर क्षणभर टेकवायची होती, म्हणजे त्याला आपली दिशा कळते. बारीक ठिणगी उडाली. आजोबा दचकले, मीही दचकले, पण दाखवलं नाही.

इंजिन बंद ठेवून दिवा लावला. काटा मायनसकडे गेला. मी म्हटलं, "आता खरं बोलला."

आजोबांनी किक मारली. गुडघा दुखत होता, तरी चौथ्या किकला गाडी सुरू झाली. त्यांनी हळूहळू वेग वाढवला तसा काटा शून्यावर आला आणि मग प्लसकडे सरकून तिथेच थांबला. आजोबा मीटरकडे बघत राहिले, अगदी त्यांच्या वडिलांसारखे.

संध्याकाळी तुमचे बाबा आले. "अरे वा! मी म्हटलंच होतं, लूज कनेक्शन असणार." मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन सीटखालचा एक स्क्रू घट्ट केला. मुलांनो, तुम्ही रविवारी टाळ्या वाजवल्या त्या या स्क्रूसाठी.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा पार्किंगची जागा रिकामी होती. आजोबा उजाडताच गाडी घेऊन बाहेर पडले होते.

"गाडी कुठंय, ताई?" हॉटेलवाल्याने विचारलं.

"मालक फिरायला घेऊन गेलेत."

"आन् आमचं काय?"

"कुंड्यांसाठी स्टँड मिळतं बाजारात. ते घ्या."

बाबा माझ्यावर चिडले. मी त्यांना म्हटलं, तू अमेरिकेला जा, गाडी कुठेही जाणार नाही.

आजोबा त्यानंतर सहा वर्षं ती चालवत होते. आता ते नाहीत. गाडी खाली पार्किंगमध्ये आहे. बॅटरीच्या वायरला माझ्या अक्षरातली पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे: 'प्लस सांगाड्याला. सरळ करू नये.' दर रविवारी मी शेजाऱ्यांकडून इंजिन सुरू करून घेते आणि स्वतः काटा बघते. बॅटरी भरते.