रिकाम्या जागेशी तालीम

खडेबाजारात एका कापडाच्या दुकानावर लांबट खोली आहे. दर रविवारी तिथं मी अभिनय शिकवते. वयाची, अनुभवाची अट नाही, अशी पाटी मीच मोठ्या दिमाखात लावली आणि तिची फळंही मीच भोगते. तिसरीतली पोरगी, बँकेतला कारकून, आवाज भारदस्त करून मागणारा औषध दुकानदार, सगळे एकाच सतरंजीवर. चिकोडीची एक कॉलेजकन्या आहे. घरात कन्नड बोलते आणि माझ्याशी भांडते मराठीत. आणि अण्णा.

अण्णा नंदगडच्या बाजूच्या एका खेड्यातले. फौंड्रीतून निवृत्त झालेले, आता घरची शेती बघणारे. गावच्या जत्रेतल्या नाटकांत तरुणपणापासून कामं केलेली. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "मला आता शिकायचं असं काय न्हाय, मॅडम. पण बसतो." मला हसू आलं आणि थोडा रागही.

आमच्या छोट्या नाटकात त्यांना बापाचं काम दिलं, चिकोडीच्या पोरीला लेकीचं. भांडून गेलेली लेक बऱ्याच वर्षांनी दारात येते, एवढाच प्रवेश. अण्णांचा आवाज खणखणीत, पाठांतर चोख. पण बोलायचे ते लेकीच्या खांद्यापलीकडच्या भिंतीशी. आपलं वाक्य आलं की पुढं यायचे, छताकडं तोंड करून म्हणायचे आणि मागं सरायचे. "अण्णा, इकडं बघून बोला, तिच्याकडं," असं सांगून सांगून माझा घसा बसला. एकदा पोरगीच वैतागली. "मॅडम, ह्यांच्यासमोर मी असले काय, नसले काय, सारखंच की."

कारण कळलं ते चहा पिताना. गावात महिनोन्महिने तालीम चालते ती पुरुषांचीच. नायिकेचं काम करणारी पगारी नटी बाहेरगावाहून येते ती थेट प्रयोगाच्या दिवशी, संध्याकाळी. तोवर तिची वाक्यं प्रॉम्प्टर वाचतो आणि नायक रिकाम्या जागेवर प्रेम करतो. प्रयोगातही ज्याचं वाक्य त्यानं वरून लोंबणाऱ्या माईकखाली यायचं, बोलायचं आणि बाजूला व्हायचं. अण्णांचा सगळा रंगभूमीवरचा संसार असा रिकाम्या जागेशी झाला होता. समोर खरं माणूस उभं राहिलं की त्यांची पंचाईत व्हायची.

"मग हे काम दुसऱ्याला देते," मी म्हणाले. गोड बोलणं मला कधी जमलं नाही.

अण्णांनी कप खाली ठेवला. "तेवढं नका करू. आमची मंडळी बघायला येणार हाय."

लग्न झाल्यापासून त्यांच्या बायकोनं त्यांचं एकही नाटक पाहिलं नव्हतं. "त्या नटीसंगट तुमची थेरं मी कशाला बघू," म्हणून जत्रेच्या दिवशी ती आतून कडी लावून झोपायची. ह्या नाटकात समोर लेक आहे असं ऐकून ती पहिल्यांदाच यायला तयार झाली होती. हे कळल्यावर माझा राग पार उतरला. काम त्यांच्याकडंच ठेवलं, धास्ती मात्र गेली नाही.

प्रयोग एका शाळेच्या सभागृहात होता. लोंबणारा माईक मी मुद्दाम काढायला लावला होता आणि प्रॉम्प्टर तर आम्ही ठेवलाच नव्हता. पोरगी दारात आली. अण्णा सवयीनं पुढं आले, वर बघितलं, वर काहीच नाही. मग नाइलाजानं समोर बघितलं. समोर पोरगी, हातात पिशवी घेऊन उभी. अण्णांचं पाठ केलेलं सगळं उडालं, ते मला विंगेतून स्पष्ट दिसलं. ते तिच्याकडं बघतच राहिले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "जेवलीस काय गं?"

हे वाक्य नाटकात नव्हतं. पोरीनं नुसती मान हलवली आणि तिला रडू फुटलं. तालमीत मी जंग जंग पछाडलं तरी तिच्या डोळ्यांत कधी टिपूस आलं नव्हतं. उरलेला प्रवेश दोघांनी आपल्या मनानं कसाबसा, पण खरा केला.

प्रयोगानंतर अण्णा आरशासमोर खोबरेल लावून रंग पुसत बसले होते. त्यांची बायको आत आली आणि पदर सावरून दाराशीच उभी राहिली. "कसं वाटलं, आक्का?" मी विचारलं.

"चांगलं केलं की," ती म्हणाली. "येवढ्या वर्षांत मला कधी असं विचारलं न्हाय."

तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगत होती. अण्णांचा पुसता हात थांबला. मग आरशातच बघत ते म्हणाले, "तू जेवलीस काय?"

"इकडं बघून विचारा," ती म्हणाली.