समोरची खुर्ची

परबकाका तक्रार दोनदा वाचत, आणि दोन वेगळ्या खुर्च्यांत बसून. इथे आखातात, शुऐब्यातल्या आमच्या कंपनीविरुद्ध कुणा जुन्या माणसाने कामगार कचेरीत अर्ज केला, की त्याची प्रत काकांच्या टेबलावर येई, कारण कंपनीतर्फे उत्तर लिहिणं हे त्यांचं काम. ती प्रत काका आधी आपल्या खुर्चीत वाचत. मग उठून, टेबलाला वळसा घालून, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी ठेवलेल्या डुगडुगत्या खुर्चीत बसत आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करत. "तिकडे बसलं की उत्तर सुचतं, इकडे बसलं की माणूस दिसतो," म्हणत. आम्ही पोरं त्यांच्यामागे म्हणायचो, झाली काकांची संगीत खुर्ची सुरू.

माणूस भोळा मात्र मुळीच नव्हता. मालवणहून येऊन वीसेक वर्षं जवळच्याच फहाहील गावातल्या एका खोलीत एकट्याने काढलेली, त्यामुळे थापा लगेच ओळखत. एका फोरमनने "मला उगाच काढलं" असा अर्ज केला, तेव्हा काकांनी त्याला समोर बसवून चहा पाजला आणि गेटवरचं हजेरीचं रजिस्टर उघडून ठेवलं. गडी तीन आठवडे न सांगता गावी मेव्हण्याच्या लग्नाला जाऊन आला होता. "लग्न झ्याक झाला मां?" काकांनी विचारलं. फोरमनने चहा संपवला आणि अर्ज मागे घेतला.

मग लीनाचा अर्ज आला. ती आमच्याकडे नकाशे आणि कागदपत्रं सांभाळायची. बाळंतपणाच्या रजेवरून परतली तर तिच्या टेबलावर दुसरा माणूस, आणि हातात कामावरून काढल्याचं पत्र. "मूल झालं म्हणून मला काढलं. वर कामचुकार असा शेरा मारलात, तर मला दुसरीकडेही कोणी घेणार नाही," असं तिने लिहिलं होतं. मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, तिला रजेआधी ताकीद दिल्याची दोन पत्रं फाइलला हवीत. मी नाशिकहून येऊन जेमतेम दोन महिने झालेले. मुकाट्याने मागच्या तारखा टाकून पत्रं टाइप केली. आज लिहितानाही लाज वाटते.

काकांनी पत्रं पाहिली, भिंतीवरचं कॅलेंडर उलटं चाळलं आणि मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. चिडले की ते मालवणीत उतरत. "झिला, शुक्रवारी हापिस कोणी उघडल्यान रे?"

मी नाशिकच्या सवयीने फक्त रविवार चुकवला होता. इथली सुट्टी शुक्रवारी! घाईघाईने म्हणालो, "काका, तारीख बदलतो. दोन मिनिटांचं काम आहे."

"तारीख बदलशील. ती बाई तान्ह्या पोराला घेऊन दारोदार काम मागेल, तिथे काय बदलशील?"

काका पत्रं घेऊन तडक केबिनमध्ये गेले, मीही मागोमाग. त्यांनी सरळ सांगितलं, की यावर आपण सही करणार नाही. हवी तर साहेबांनी करावी, पण कचेरीत आपल्याला विचारलं तर आपण शुक्रवार सांगणार. साहेब थंडपणे म्हणाले, "परब, आपका अकामा कब तक है?" अकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि तो कंपनीच्या हातात.

"मार्च तक, साब," काका म्हणाले. "तब तक तो सच लिखूँगा."

स्वतः सही करायची साहेबांची छाती झाली नाही. लीनाला स्वच्छ दाखला मिळाला आणि दुसरीकडे काम धरायची परवानगीही. मार्चमध्ये काकांचा अकामा वाढवला गेला नाही. "पद रद्द" असं पत्र त्यांच्या हाती पडलं, आणि पुढच्याच आठवड्यात ते टेबल, ती खुर्ची मला मिळाली.

निघताना काकांनी कपाट आवरून किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या. मी रडकुंडीला आलो होतो. ते नव्हते. "मी अर्ज करणार आहे. निकाल लागेपर्यंत फहाहील सोडत नाही," म्हणाले. "उत्तर तुलाच लिहावं लागेल. माझी भीड धरू नकोस. फक्त नीट वाच."

अर्ज आला. साहेबांनी वरच पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पद रद्द, एवढंच कळवा.' मी तो माझ्या, म्हणजे काकांच्या खुर्चीत वाचला. माझाही अकामा सहा महिन्यांत संपत होता. घरी बायकोला काय सांगायचं तेही मनात येऊन गेलं. मग उठलो, टेबलाला वळसा घातला आणि त्या डुगडुगत्या खुर्चीत बसून पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. समोर काकांची खुर्ची रिकामी दिसत होती. रद्द झालेली काही वाटत नव्हती.

तिथेच बसून मी उत्तर लिहिलं : 'श्री. परब यांचं पद रद्द झालेलं नाही. त्या पदावर सध्या मी काम करतो.' खाली सही केली, आणि कॅलेंडर पाहून तारीख घातली.