माकडाऐवजी

"शक्य आहे, पण सिद्ध झालेलं नाही," असं ते कशालाही म्हणत. चहात साखर जास्त पडली म्हटलं तरी हेच, मग कप संपवून म्हणत, "आता सिद्ध झालं." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण या गृहस्थांचा तो पेशाच होता. ते डोळ्यांच्या रोगांवर संशोधन करणारे डॉक्टर, आणि मी पोलादपूरचा पोस्टमास्तर.

एकोणीसशे तीसच्या आसपास ते मुंबईच्या एका प्रयोगशाळेतून आले आणि पोस्टाशेजारची खोली घेऊन राहिले. महिन्याभरातच त्यांनी एक लाकडी खोकं पार्सल करायला माझ्यापुढे ठेवलं. आत काय आहे, असं मी नियमाप्रमाणे विचारलं.

"डोळ्यांतलं पाणी," ते म्हणाले.

"कुणाच्या?"

"वरच्या वाड्यांतल्या लोकांच्या."

नियमांत हरकत सापडली नाही. मी शिक्का मारला.

आंबेनळी घाटाखालच्या वाड्यांत तेव्हा घरोघर खुपऱ्या होत्या. पापणीच्या आत दाणे उठायचे, डोळा खुपायचा, गळायचा, आणि शेवटी बुबुळावर फूल पडून माणूस आंधळा व्हायचा. मुंबईचे साहेब एका ओळखीच्या जंतूवर आळ घेत. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं. चिनी मातीच्या ज्या गाळणीत साधे जंतू अडकतात, तिच्यातूनही पार होईल इतकं या रोगाचं मूळ बारीक आहे, असं त्यांना वाटे. ते दाखवायचं तर गाळलेलं पाणी निरोगी डोळ्यात घालून रोग उठतो का, ते बघायला हवं होतं. आणि हा रोग माणसाखेरीज माकडालाच होतो.

माकडं आमच्याकडे भरपूर. डॉक्टर मला घेऊन एका वाडीत गेले आणि मारुतीच्या देवळासमोर त्यांनी गावकऱ्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग म्हातारे पाटील म्हणाले, "माकडाला हात लावायचा नाय. तो देव हाय. दुसरं कायपण मागा."

मग माझ्याच डोळ्यात घालतो, असं डॉक्टर म्हणाले.

पाटलांनी बाकीच्यांकडे पाहिलं. "त्याला आमची हरकत नाय."

सूक्ष्मदर्शकात ते उजव्या डोळ्याने बघत, म्हणून त्यांनी डावा निवडला. काही दिवसांनी डोळा लाल झाला, मग दाणे उठले. त्या दिवशी ते इतके खूश होते की त्यांनी मला भजी खाऊ घातली. दाण्यांवर मोरचुदाचा निळा खडा घासायचा उपाय ते रोज दुसऱ्यांना करत. स्वतःला मात्र करेनात. औषध केलं तर रोग पुरता दिसणार नाही, असं म्हणत.

एकदा न राहवून मी विचारलं, "दुखतो का हो?"

"दुखतो. पण दुखण्याने काही सिद्ध होत नाही."

ऐन पावसात पाटील डोंगर उतरून पोस्टात आले. डॉक्टर तिथेच बसले होते. पाटील बराच वेळ त्यांच्या डोळ्याकडे बघत राहिले आणि मग हळूच मला म्हणाले, "मास्तर, आता एखादं माकड धरून आणलं तर चालल का?"

प्रयोग होऊन गेला, आता उपयोग नाही, असं डॉक्टरांनीच त्यांना समजावलं. पाटील मान हलवून उठले. जाताना टेबलावर एक मोठं तवसं, म्हणजे पावसाळी काकडी, ठेवून गेले.

दिवाळीनंतर डॉक्टरांच्या अहवालाला मुंबईहून उत्तर आलं. खुपऱ्यांच्या गावात राहणाऱ्याला खुपऱ्या झाल्या यात नवल काय, असं साहेबांनी विचारलं होतं. रोग गाळणीतून आला की रोग्याच्या हातातून, हे कसं ठरवायचं? तोवर डाव्या डोळ्यात फूल पडलं होतं आणि उजवाही गळायला लागला होता. कागद मीच वाचून दाखवला.

"बरोबर आहे त्यांचं," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या जागी मीही हेच लिहिलं असतं."

मग त्यांनी मला आरसा धरायला सांगितला आणि उजव्या पापणीला मोरचूद घासून घेतला. उपाय उशिरा झाला, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

त्यांना मुंबईला परत बोलावलं. महाडवरून दासगाव बंदरापर्यंत मी पोचवायला गेलो. खलाशाने हात धरून त्यांना लाँचमध्ये बसवलं. धक्क्यावर माझ्यासारखीच काळी टोपी घातलेला एक अनोळखी गृहस्थ उभा होता. लाँच सुटली तसा डॉक्टरांनी हात वर केला आणि त्या गृहस्थाकडे बघून हलवायला लागले. तो गोंधळून माझ्याकडे बघू लागला.

मी वर केलेला हात खाली घेतला. "तुम्ही हलवा," मी त्याला म्हणालो.

त्याने हलवला.