शिटी स्कॅन

सुरतेत लिंबायतच्या एका कारखान्यात कापड विणणारे बहात्तर लूम एकदम धडधडतात. लूमला इथे सगळे सांचा म्हणतात आणि कारखान्याला खातं. सांचे सुरू झाले की शेजाऱ्याचं बोलणंही ऐकू येत नाही. मग माणसं हातांनी बोलतात, ओठ वाचतात आणि लांबच्याला हाक मारायची तर शिटी मारतात. आणि शिटी मारावी ती हिलालभाऊंनीच. दोन बोटं जिभेखाली घालून ते फुंकायचे तेव्हा शेवटच्या ओळीतला माणूससुद्धा मान वर करायचा. एक लांब शिटी म्हणजे मेकॅनिकला बोलवा, दोन आखूड म्हणजे चहा आला. सांच्यावरच्या सव्वीस वर्षांत त्यांचे कान मंद झाले, पण शिटी जशीच्या तशी राहिली.

होळीनंतर खोकला लागला आणि शिटीतली हवाच गेली. बोटं तोंडात घातली की नुसतं फुस्स व्हायचं.

दवाखान्यात एक्स-रे निघाला. उजव्या फुप्फुसात नखाएवढा डाग दिसला. टीबीसाठी थुंकी तपासली, ती स्वच्छ आली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘सीटी स्कॅन’. दुसऱ्या दिवशी खात्यात शेजारच्या सांच्यावरच्या सुकदेवने ते वाचलं आणि हातवारे करून सगळ्यांना सांगितलं, “हिलालभाऊची शिटी बंद पडली ना, म्हणून शिटी स्कॅन करणार आहेत!” सगळे हसले. हिलालभाऊही हसले. पण घरी आल्यावर जेवले नाहीत.

त्यांची बायको प्रमिलाबाई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. नवऱ्याला घेऊन ती पुन्हा डॉक्टरांकडे गेली.

“डाग तर दिसला ना एक्स-रेत? मग आणखी फोटो कशाला?”

डॉक्टर रोज लूमवाल्यांनाच तपासत होते. म्हणाले, “बाई, कापडाचा ताका घडी घातलेला असतो. वरून बघितला तर सगळ्या घड्या एकावर एक दिसतात. एक्स-रे तसा. स्कॅन म्हणजे एकेक घडी उलगडून बघणं. डाग जुना आहे की नवीन गाठ आहे, ते त्यात कळेल.”

‘गाठ’ हा शब्द हिलालभाऊंनी ओठांवरून बरोबर ओळखला.

“आणि किरणं?” प्रमिलाबाईंनी विचारलं. “आमच्या शेजारची सुवर्णा म्हणते, रक्त करपतं.”

“करपत नाही. पण साध्या एक्स-रेपेक्षा किरणं बरीच जास्त असतात. त्यांचा धोका थोडा आहे, पण तो थोडासुद्धा उगाच घ्यायचा नाही. इथे मात्र डाग कसला ते न कळण्याचा धोका मोठा आहे.”

मग स्कॅनचं औषध सोसेल ना, म्हणून किडनीची रक्ततपासणी झाली, आणि ठरल्या दिवशी दोघं स्कॅन सेंटरला पोचली. अंगावर धातू नको, म्हणून हिलालभाऊंच्या गळ्यातला ताईत प्रमिलाबाईंच्या पदराच्या गाठीत गेला. आत एक भलीमोठी पांढरी कडी उभी होती आणि तिच्यातून आतबाहेर होणारी फळी. हिलालभाऊंना दोन्ही हात डोक्यावर घेऊन त्या फळीवर निजवलं. हाताला सुई लावली. मशीनवाली मुलगी, गायत्री, काचेपलीकडे गेली आणि स्पीकरवरून गुजरातीत काहीतरी म्हणाली. हिलालभाऊंना नुसती गुणगुण कळली.

तेवढ्यात कडीवर पिवळा दिवा लागला.

आता नव्या सांच्यांवरही असाच दिवा असतो. तो लागला म्हणजे धागा तुटला, सांचा बंद पडला, धावा. धागा तुटला की धावायची सव्वीस वर्षांची सवय! हिलालभाऊ ताडकन उठून बसले आणि तुटलेला धागा शोधायला त्यांचा हात कडीकडे गेला.

गायत्री दार उघडून पळत आत आली. उघड्या दारातून ते बघून बाहेरच्या बाकावरून प्रमिलाबाई ओरडल्या, “आवो, उठाले कोनी सांगं व्हतं?”

ती अहिराणी ऐकून गायत्री थबकलीच. “मावशी, तुम्ही खानदेशातल्या? मन्ही माय शिरपूरनी शे! आणि बाप सुरतमाच पांडेसराले सांचावर व्हता.”

“मग तुझा मामाच हा. कानाने कमी आहे. आणि सांच्यासारखा दिवा दिसला, तर झोपेतसुद्धा उठून बसतो.”

“घाबरू नका, ही नुसती तालीम होती. किरणं अजून सुरूच केली नव्हती.”

ती हिलालभाऊंच्या समोर उभी राहिली आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, “मामा, आज तुम्ही कारागीर नाही. आज तुम्ही सांचा. पिवळा दिवा लागला, सांचा बंद. श्वास आत घेऊन तसाच थांबवायचा, एक धागा हलू द्यायचा नाही. दिवा गेला की सांचा चालू.”

मग वडिलांसारखीच अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून तिने खूण केली. धागा जोडला, चालू दे.

हिलालभाऊंचा चेहरा उजळला. सगळ्या सुरतेत ही खूण दवाखान्यात भेटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“आणि एक. सुईतून औषध जाईल तेव्हा अंगभर गरम वाटेल. चड्डीत झाली असंही वाटेल. होत नाही.”

“झाली तर?”

“तर सांच्याला तेलपाणी झालं समजू!”

तालीम पुन्हा झाली, बिनचूक. मग दिवा लागला. हिलालभाऊंनी छाती भरून घेतली आणि सांचा बंद केला. औषधाची ऊब घशातून पोटाखाली उतरली. त्यांनी मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण हलले नाहीत. दिवा गेला. फळी बाहेर आली तेव्हा त्यांनी आधी हाताने चाचपून बघितलं. कोरडं होतं.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला. त्या दिवशी त्यांच्या तोंडावर मास्क होता. ओठ दिसेनात. हिलालभाऊ बायकोकडे बघत राहिले. तिचा चेहराही कळेना, कारण ती रडत होती. मग पदराने नाक पुसून तिने उजवा हात वर केला आणि अंगठा बोटावर चोळला.

डाग जुना होता. कधीतरी टीबी होऊन आपला आपण बरा झालेला, आत चुना साचलेला. खोकला खात्यात उडणाऱ्या सुताच्या रुईचा. औषध लिहून दिलं, कामावर मास्क लावा म्हणाले आणि बजावलं, “आता हौस म्हणून दरवर्षी स्कॅन काढू नका.”

तीन आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, खात्यात दोन आखूड शिट्या घुमल्या. बहात्तर सांच्यांवरून पोचल्या. माणसं हात पुसत दाराकडे वळली. दारात कोणीच नव्हतं.

सुकदेवने दोन्ही हात हवेत उडवले. चहा कुठंय?

मास्क हनुवटीवर ओढून हिलालभाऊंनी छातीवर थाप मारली. त्यांचे ओठ सगळ्यांनी वाचले, “चहा नाही रे. शिटी पास झाली!”