आधी स्वतःला टोचून घेतली का?

परवा रक्त तपासायला गेले, हातावर स्पिरिटचा गार कापूस फिरला आणि कोरोनाच्या दिवसांतलं नशिराबाद आठवलं. तिथल्या बायका लस घ्यायला घाबरत होत्या, म्हणून समजावून सांगायला मला जळगावहून नेलं होतं. शाळेच्या व्हरांड्यात उन्हाच्या झळा येत होत्या आणि केळीच्या बागेतून थेट आलेल्या बायका, चिकाचे काळे डाग पडलेल्या लुगड्यांत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. इंग्रजी पुस्तकांतून नीट टिपणं काढून मी प्लेगची लस शोधणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली, ताप सोसला आणि मगच तो लोकांपुढे गेला. टाळ्या थांबल्यावर माझ्याच वयाची एक बाई म्हणाली, "अक्का, तुमी घेतली का?" मी घेतली नव्हती. इतरांना काय होतं ते आधी पाहू, असं मी मनाशी ठरवलं होतं. "हो तर," मी म्हणाले आणि बाही खाली ओढली. "मंग मले बी टोचा! अक्का काय खोटं बोलतीन?" ती हसत उठली आणि तिच्यामागे बाकीच्याही उठल्या. पंधरा दिवसांनी, कुणी ओळखू नये म्हणून, मी धुळ्याला जाऊन लस घेतली. त्या भाषणाचा व्हिडिओ तुम्ही नातवंडं तिकडे तुमच्या मित्रमंडळींना कौतुकाने दाखवता. त्यात शेवटी दंड पुढे करून हसते ती मला विचारणारी हीच बाई. बाळांनो, यापुढे दाखवाल तेव्हा एवढं सांगा, की आजीने तोवर घेतली नव्हती.